मी परत केलेलं कॅलिपर

कमल माझी धाकटी बहीण. दीड वर्षाची असताना तापात तिचा डावा पाय गेला. पोलिओ. ती बावीस वर्षांची होती तेव्हा तिच्या मापाचं कॅलिपर चाकूरच्या शिबिरात तयार होऊन आलं. कॅलिपर म्हणजे पायाच्या दोन्ही बाजूंना सळ्या, त्यांना चामड्याचे पट्टे आणि खाली बूट. ते घातलं की लुळा पाय उभा राहतो. मी सही करून ते ताब्यात घेतलं आणि तासाभरात परत नेऊन दिलं. का परत करता, असं टेबलामागच्या माणसानं विचारलं. मी म्हणालो, "बहीण वारली."

कमल तेव्हा गावी ओट्यावर बसून माझी वाट बघत होती.

हे मी सत्तावीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. माय गेली, तिला सांगितलं नाही. बायकोला नाही. ज्या ड्रायव्हरसोबत निम्मी नोकरी एकाच गाडीत काढली, ज्याला माझ्या पोटातलं सगळं माहीत असं तो सगळ्यांना सांगतो, त्यालाही नाही. गेल्या वर्षी शुगरनं माझा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. कृत्रिम पाय बसवून देणाऱ्या केंद्रातला पोरगा म्हणाला, "काका, तुमचा अनुभव लिहून द्या. नव्या पेशंटला वाचायला देऊ, त्यांना धीर येतो." धीर येईल असं लिहायला बसलो. पण कमलचं आधी लिहिल्याशिवाय पुढची ओळ सुचेना.

खडा

मी उदगीर डेपोला कंडक्टर. उभ्यानं नोकरी, जेवायची वेळ नाही, आणि प्रत्येक थांब्यावर कुणीतरी प्रेमानं चहा पाजणारा. अकरा वर्षांपासून शुगर आहे. गोळी घेत होतो, म्हणजे आठवण झाली की घेत होतो.

त्या दिवशी नांदेडची फेरी होती. सकाळी बूट चढवला, संध्याकाळी उतरवला. सुनंदा, माझी बायको, मोजे धुवायला न्यायला आली आणि तिथंच उभी राहिली.

"अहो, हे काय करून राहिले तुम्ही? मोजा रगतानं भिजलाय."

ती हिमायतनगरची. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिचं 'करून राहिले' सुटलं नाही.

बूट उपडा केला तर आतून गिट्टीचा खडा पडला, हरभऱ्याएवढा. तो घेऊन मी नांदेडला जाऊन आलो होतो. दिवसभर उभा होतो त्याच्यावर, आणि मला कळलं नव्हतं. ज्यांना शुगर आहे त्यांना एवढंच सांगतो, दुखलं तर नशीब समजा. माझं दुखत नव्हतं म्हणून मी निर्धास्त होतो.

"उद्या दवाखान्यात जाऊ," सुनंदा म्हणाली.

"रविवार होऊ दे."

रविवारी अश्विनीला, आमच्या एकुलत्या एक मुलीला, बघायला निलंग्याहून पाहुणे येणार होते. एसटीत राहून मला एक पक्कं कळलेलं आहे, बातमी गाडीच्या आधी पोचते. कंडक्टरच्या पायाला शुगरची जखम झाली, पाय काळा पडायला लागला, हे निलंग्याला कळायला एक फेरी पुरे. मग 'बाप किती दिवसांचा' आणि 'पोरीलाही शुगर असंल' हे दोन प्रश्न बैठकीत येणार. हळद लावली, फडकं बांधलं आणि रजा टाकली. रविवार झाला. पाहुण्यांनी होकार कळवला. मग मी म्हणालो, साखरपुडा होऊ दे. त्याला अजून सोळा दिवस होते.

सुनंदा भांडली. जेवण सोडलं एक दिवस. "पोरीच्या नावावर तुम्ही सोताची भीती खपवून राहिले," असं म्हणाली. खरं होतं. मला कापाकापीची भीती होतीच. पण लपवायचं ठरवायला मला भीतीची गरजही नव्हती. आमच्या घरात पाहुण्यांपासून काय लपवायचं आणि कसं, याची एक रीतच होती.

बैठक

ती रीत मायनं बसवलेली. कुणाच्या सोयरिकीसाठी माणसं यायची असली की कमलला आधीच भिंतीला टेकवून सतरंजीवर बसवायचं. पाय पोटाशी दुमडून वर लुगड्याचा घोळ पसरायचा. मांडीवर सूप द्यायचं, त्यात तांदूळ. तांदूळ निवडत बसलेली पोरगी उठली नाही तर कुणाला नवल वाटत नाही. पाहुणे येणार, चहा-पोहे होणार, ते जाणार, जीप वळणावर दिसेनाशी होणार, मग कमलनं उठायचं. चार-चार तास ती तशी बसायची. माय तिला त्या दिवशी सकाळपासून पाणीही कमी द्यायची.

अश्विनीच्या साखरपुड्याला कमल गावाहून आली. आता ती एकोणपन्नास वर्षांची. चाकाच्या पाटल्यावर बसते आणि हातांनी जमीन ढकलत फिरते. पाटला उचलून माजघरात ठेवला, ती भिंतीला टेकून बसली, पुढ्यात सुपारी आणि अडकित्ता. तिला कुणी सांगितलं नव्हतं. सवयीनं बसली.

मीही पाहुणे यायच्या आधीच लोडाला टेकून बसलो. डावा पाय दुमडून खाली घेतला, वर शाल. व्याही आले तेव्हा बसूनच हात जोडले, "कंबर धरलीय हो." नारळ बसून दिला, बसून घेतला. पाहुणे गेले. सगळे आवरायला लागले.

कमल अडकित्ता खाली ठेवून माझ्याकडे बघत होती.

"दादा, ऊठ की आता."

"उठतो."

"मघाधरनं बघायले. तू माझ्यावानी बसलास." ती हातांवर सरकत जवळ आली. "पाय दाखव."

"काही नाही गं."

तिनं शाल ओढली. फडकं सोडायला लागली आणि वास आला. अश्विनी हातात ताट घेऊन दारात उभी होती. साखरपुड्याच्या साडीत. तिचा तो चेहरा मला पाय कापल्यापेक्षा जास्त आठवतो.

कळतंय का

लातूरच्या डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितलं. "तळपायाला हात लावतोय. कळतंय का?"

"हाव."

"आता?"

"हाव, कळतंय."

"डोळे उघडा, माधवराव. मी अजून हात लावलेलाच नाही."

त्यांना राग आला नव्हता. बहुतेक रोज असे येत असतील. ते सुनंदाकडे वळून सांगायला लागले आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. तीन आठवडे आधी आला असता तर बोटावर भागलं असतं, असं काहीतरी म्हणाले. घोट्याच्या वर जावं लागेल, नाहीतर जीव. सुनंदा रडली नाही. बाहेर बाकड्यावर येऊन म्हणाली, "साखरपुड्यापायी पाय घालवला तुम्ही. लेकीला जन्मभर वाटत राहील, तिच्यामुळं गेला."

संमतीच्या कागदावर मी स्वतः सही केली. तासाभरानं विचार बदलता येईल का, असं नर्सला विचारलं. ती म्हणाली, "बदला की. पण गँग्रीन बदलत न्हाई काका."

आठव्या दिवशी निलंग्याचे व्याही भेटायला आले. फळांची पिशवी टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "पाय गेल्याचं आमाला काय न्हाई, पावणं. माणूस हाय, होतंय. पर शालीखाली झाकून बसलाव ते लागलं." मी पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. लग्न मोडलं नाही. ते माझ्यामुळं नव्हे. जावयानं घरात ठणकावून सांगितलं, म्हणून.

वॉर्ड

सकाळी सहाला झाडू, सातला इंजेक्शन, आठला ड्रेसिंगची गाडी. त्या गाडीचं एक चाक कुरकुरायचं. आवाज चार खाटा लांब असला की आम्ही सगळे एकदम झोपेचं सोंग घ्यायचो.

नसलेला अंगठा खाजतो, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं. मला वाटलं डोकं फिरलं. शेजारच्या खाटेवर औशाचे एक म्हातारे पैलवान होते, त्यांचाही पाय गेलेला. ते म्हणाले, "माझी तर टाच दुखतीय. चादर खाजव. इलाज न्हाई, पर मनाला बरं वाटतंय." आम्ही दोघं चादरी खाजवायचो. सुनंदा बघायची आणि तोंडाला पदर लावून हसायची. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली ती त्यावर.

कमोडची खुर्ची पहिल्यांदा आणली तेव्हा मी दोन दिवस बसलो नाही. पोट फुगलं. शेवटी वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, "दादा, मी तोंड तिकडं करून उभी ऱ्हाते अन् भजन म्हणते. तुमी तुमचं उरका." त्यांनी खरंच म्हटलं, मोठ्यानं, बेसूर. त्यांचं नाव मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

एक दिवस कमल आली. दवाखान्याच्या दारात पाटला चालेना, फरशी ओली होती. वॉर्डातल्या मामांनी तिला व्हीलचेअरवर बसवून वर आणलं. माझ्याजवळ आली, विचारपूस केली, पण लक्ष खुर्चीतच. हातांनी चाक पुढं ढकलून बघितलं. मागं घेऊन बघितलं.

"लई गुळगुळीत चालतंय की रं."

मग म्हणाली, आलेच. आणि व्हरांड्याच्या त्या टोकापर्यंत गेली. खाटेवरून मला दारातून दिसत होतं. टोकाला वळवता येईना, दोनदा भिंतीला लागली, मग वळली. परत आली आणि पुन्हा गेली. एकोणपन्नास वर्षांची बाई. एरवी तिच्या डोळ्यांपुढं माणसांची कंबर यायची, आता छाती येत होती, तेवढ्यानंच मान ताठ झालेली.

मामा म्हणाले, "आत्या, द्या आता, दुसरा पेशंट उतरवायचाय." तिनं लगेच दिली. मी भिंतीकडे तोंड करून पडलो. सुनंदाला वाटलं, दुखतंय.

कमलची शाळा

दवाखान्यातून घरी आणायला वॉकर, कुबड्या आणि ती कमोडची खुर्ची मिळाली, पण कशावर कसं बसायचं हे धड कुणी शिकवलं नाही. शिकवलं कमलनं. गावाकडचं शिलाईचं काम बंद ठेवून ती उदगीरला येऊन राहिली.

तिनं पहिल्या दिवशी आमचं घर जमिनीवरून बघितलं, प्रत्येक खोली. "वैनी, न्हाणीचा उंबरा काढा. ही चटई गोळा करा, कुबडी घसरती. मिठाचा डबा खाली घ्या, सगळं उभ्या माणसासाठी ठिवलाव." खाटेच्या वर कडीला दोर बांधून घेतला. कुबडीच्या टोकाचं रबर झिजलं होतं, त्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला.

मला खाटेवरून खुर्चीवर जाता येईना. मी हात टेकायचो आणि उडी मारायचो.

"आरं, बेडूक हाईस का? आधी बूड कुठं टेकायचं ते ठरव. मग हात. पाय सगळ्यात शेवटी."

"पाय आहेच कुठं?"

"हाय की एक. माझा तर त्योबी नावालाच."

पडलो दोनदा. पडल्यावर ती उचलायला येऊ द्यायची नाही कुणाला. "पडल्यावर आधी खालीच बस. इकडं-तिकडं बघ. खालनं घर कसं दिसतं बघून घे. मग ऊठ." तिचे तळहात बघितले मी तेव्हा जवळून. टाचेसारखे झालेत.

व्यायाम करताना ती माझ्या कापलेल्या पायाखाली उशी ठेवू द्यायची नाही. "सरळ ठिव. वाकडा ठिवलास तर गुडघा तसाच धरतो. माझं बघ." तिचा डावा गुडघा काटकोनात आखडलेला आहे. तो तसा कशानं झाला, हे त्या खोलीत मला एकट्याला माहीत होतं.

शिबिर

आता ते सांगतो.

मापं घ्यायचं शिबिर चाकूरला शाळेत होतं. कमलला मीच सायकलवर पुढं बसवून नेलं. ती पाय साबणानं घासून आली होती, दोन्ही. कागदावर पाय ठेवून पेन्सिलीनं आकार काढायचा होता. तिनं त्या माणसाला विचारलं, "पैंजण काढू का?" तो म्हणाला, "राहू दे ताई, तुमच्या पैंजणासकट माप घेतो." घरी येईपर्यंत ती हसत होती. त्या काळात ती डाव्या गुडघ्यावर हात दाबून, वाकून का होईना, चालत होती.

वाटपाचा दिवस आला तेव्हा मला एसटीत लागून आठ महिने झाले होते आणि सुनंदाचं स्थळ ठरलं होतं. हिमायतनगरचे पाहुणे येऊन गेले होते. सूप, तांदूळ, सगळं झालं होतं. 'मुलाला एकच बहीण, कामाला हुशार' एवढंच त्यांना माहीत. लग्नाला तीन आठवडे होते आणि मध्ये त्यांची माणसं पत्रिका, कापडं या कारणानं येणार होती.

कॅलिपर मी पोत्यात घालून चाकूरच्या स्टँडवर आणलं. गाडीला वेळ होता. मांडीवर घेऊन बसलो. जरा हललं की सळी कडीवर वाजायची. मला घर दिसायला लागलं. आता कमल बसणार नाही, हे मला माहीत होतं. एकदा हे पायात चढलं की ती दारापर्यंत येणार, पाहुण्यांना पाणी देणार. झाकलेला पाय झाकून राहतो, लोखंड झाकता येत नाही. तीन आठवडे थांबून द्यायचं, असंही मनात आलं. पण घरात लपवायला जागा नव्हती, आणि आणलंय असं सांगायचं नि तरी तिला द्यायचं नाही, याला छाती लागते. माझ्यात ती नव्हती. मी उठलो आणि शाळेत परत गेलो.

पुढचं वर लिहिलंच आहे. एक राहिलं. मी 'वारली' म्हणालो तेव्हा तो माणूस खुर्चीवरून उठला. मला बसवलं, खांद्यावर हात ठेवला, कुणाला तरी सांगून चहा मागवला. मी तो प्यालो. मी पीत असताना त्यानं यादीत कमलच्या नावापुढं लाल शाईनं 'मयत' लिहिलं.

घरी सांगितलं, माप चुकलं, पुढल्या वर्षी देणार. माय म्हणाली, "तिचं नशीब." कमल म्हणाली, "पैंजणामुळं चुकलं असंल."

पुढच्या वर्षी मी ड्युटीवर असताना ती शेजारणीला घेऊन जीपनं शिबिराला गेली. तिथं यादी बघून सांगितलं, हे नाव तर मयत आहे. तहसीलमधून हयातीचा दाखला आणा. ती घरी आली ती हसत-हसत. "दादा, कागदावर मला मारून टाकलंय रं कारकुनानं!" मी हसलो. सुनंदा हसली. दाखला आणतो म्हणालो. आणला नाही. आणला असता तर 'मयत कुणी सांगितलं' हे निघालं असतं. पुढं शिबिरं यायची बंद झाली.

तो कमलचा विनोदच होऊन गेला. बचत गटात, हळदीकुंकवात, बाजारात. "मी मेलेली बाई हाय, मला काय भूत धरंल?" "माझं मत कशाला मागायलाव, मेलेल्याचं मत चालतंय व्हय?" सगळं गाव हसायचं. प्रत्येक वेळी मीही.

सॉकेट

कृत्रिम पायाच्या मापाला लातूरला गेलो, तेव्हा कमल हट्टानं सोबत आली. माझ्या पायाला प्लास्टरची पट्टी गुंडाळून सॉकेटचा, म्हणजे पाय ज्यात बसतो त्या खोबणीचा, साचा काढला. काम झाल्यावर तिथल्या पोरानं तिच्याकडे बघितलं.

"आत्या, तुम्ही कधी कॅलिपर नाही वापरलं?"

"आरं, मी मेले व्हते!" तिनं सगळी गोष्ट सांगितली, कारकुनासकट. तो पोटभर हसला. मग खाली बसून तिचा गुडघा हातात घेऊन हळूच सरळ करून बघायला लागला. होईना. त्याचं हसू गेलं.

"आता कॅलिपर बसणार नाही, आत्या. विशीत घातलं असतं ना, तर गुडघा..." तो थांबला. "आता खुर्ची वापरा चांगली. अर्ज करू आपण."

"विशीतच मेले व्हते ना बाबा," कमल म्हणाली. या वेळी कुणी हसलं नाही.

परतीच्या गाडीत ती अपंगांच्या राखीव जागेवर बसली आणि तिच्या शेजारी मी. त्या जागेवरून धडधाकट माणसं मी किती वेळा उठवली असतील. शिवणखेड गेलं, नळेगाव गेलं. मला बोलता आलं नाही.

कोण वारली म्हणलास

तिसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या स्टंपवर, म्हणजे कापलेल्या पायाच्या टोकावर, घालायचा मोजा शिवत होती. बाजारचा टोचत होता म्हणून जुन्या मऊ बनियनचा. अश्विनी आणि सुनंदा बाजारात गेल्या होत्या. मी सांगितलं. सळी वाजली ते, चहा ते, लाल शाई ते, सगळं.

तिनं दोरा दातानं तोडला.

"कोण वारली म्हणलास?"

"तू."

"अन् त्यानं च्या दिला."

"हाव."

"अन् तू पेलास."

मी मान हलवली. ती मोजा उलटा-सुलटा करत राहिली.

"मी हसत व्हते रं," ती म्हणाली. "गावभर सांगत हिंडले. त्या कारकुनाला शिव्या घालून घालून हसवलं लोकांला. तू भी हसायचास. तवा तरी गप बसायचं व्हतंस."

अश्विनी आल्यावर कमलनं तिला जीप बघायला सांगितलं. मोजा पूर्ण करून खाटेवर ठेवला आणि गेली.

संध्याकाळी सुनंदाला सांगितलं. ती भाजी निवडत होती, हात थांबला. "हिमायतनगरच्या लोकांसाठी केलं म्हणता. म्हणजे माझ्या नावावर. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी ताईंना चालताना बघितलं. एक शब्द बोलले का मी? आधी सांगितलं असतं तरी आले असते. मला कशाला धरलं याच्यात?" त्या आठवड्यात ती माझ्याशी कामापुरतं बोलली. अश्विनीनं फोन करून आत्याच्या खुर्चीच्या अर्जाची चौकशी सुरू केली. खुर्ची पाच महिन्यांनी आली. कमलनं स्वतःच्या सहीनं घेतली, माझ्या नाही.

देणं

दोन महिने कमलचा फोन नव्हता. मग एका सकाळी आला.

"नवा पाय चावायलाय का?"

"संध्याकाळी चावतो."

"मोजे दोन घाल. अन् ऐक. मला माफी-बिफी नको. गुडघा काय सरळ व्हायचा न्हाई. पर ज्यांच्या ज्यांच्या म्होरं मी हसले, त्यांच्या म्होरं तू सांग. कारकुनानं न्हाई, मी मारलं व्हतं म्हणून. तुझ्या तोंडानं."

"तू असशील ना सोबत?"

"मी काऊन येऊ? मी मेले तवा एकटाच गेला व्हतास न्हवं?"

फोन ठेवला तिनं.

ड्रायव्हर मित्राला सांगितलं, तो उठून गेला, मग चार दिवसांनी परत आला. निलंग्याच्या व्याह्यांना सांगितलं. हिमायतनगरला जाऊन सासऱ्यांच्या घरी सांगितलं. ते थकले आहेत, त्यांना कमलचा पाय आठवतही नव्हता. केंद्रातल्या त्या पोराला हे कागदच देतोय.

गाव राहिलं आहे. बचत गटाच्या बायका, जीपनं तिला घेऊन गेलेली शेजारीण, बाजारातले लोक. पाय आता नीट बसला आहे, काठी घेऊन मी डेपोपर्यंत जातो. उदगीरहून गावाला दिवसातून तीन गाड्या आहेत, त्यांच्या वेळा मला पाठ आहेत. मी अजून एकीतही बसलेलो नाही. कमलची उभी राहायची वर्षं मला परत देता येणार नाहीत. पण ती मेलेली नव्हती, मी खोटं बोललो होतो, हे गावात उभं राहून सांगणं मी तिचं देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.